जोर लावला तरी डिस्क डावीकडेच

या महिन्यातल्या पत्रांपैकी तीन डिस्क गोल्फची आहेत आणि तिन्ही मिशिगनमधून आली आहेत. बर्फ वितळला की ही पत्रं येतातच, आणि मला ती फार आवडतात. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळं गोल्फसारखंच, फक्त चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क आणि जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली, साखळ्या लोंबणारी बास्केट. कमीत कमी थ्रोंमध्ये डिस्क बास्केटमध्ये पाडायची.

प्रश्न : ताई, गेल्या वर्षी मुलाच्या नादानं ट्रॉयच्या फायरफायटर्स पार्कमध्ये डिस्क गोल्फ खेळायला लागलो. वय ४४. कॉलेजात उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज होतो, त्यामुळे हातात जोर आहे. सगळ्यात लांब जाते म्हणून इनोव्हा कंपनीची डिस्ट्रॉयर नावाची डिस्क घेतली. पण कितीही ताकद लावली तरी डिस्क वर चढते, डावीकडे वळते आणि दीडशे फुटांच्या आत खाली येते. मुलगा १४ वर्षांचा. तो अंगात काही नसताना अडीचशे फूट फेकतो. आता माझा खांदाही दुखायला लागलाय. जिमला जाऊन खांदे कमवू का? की हा खेळ माझ्या वयाचाच नाही?
— एक वाचक, ट्रॉय

उत्तर : खेळ तुमच्या वयाचाच आहे आणि जिमची गरज नाही. जोर तुमच्याकडे हवा त्यापेक्षा जास्तच आहे. तो डिस्कपर्यंत पोचत नाही, आणि जो पोचतो तो अशा डिस्कवर खर्च होतो जी आज तुमच्या कामाची नाही.

म्हणून आधी डिस्कचं बघू. प्रत्येक डिस्कला चार आकडे असतात, डिस्ट्रॉयरचे १२, ५, उणे १, ३. पहिला स्पीडचा. इथे बहुतेकांची गल्लत होते. ही डिस्क किती वेगानं जाईल हे तो सांगत नाही, ती नीट उडायला तुम्ही तिला किती वेग द्यायला हवा हे सांगतो. दुसरा ग्लाइड, म्हणजे ती हवेत किती तरंगते. तिसरा टर्न : पूर्ण वेगात असताना उजव्या हाताच्या बॅकहँड थ्रोची (हात छातीसमोरून आडवा आणून केलेल्या थ्रोची) डिस्क उजवीकडे किती झुकते. आकडा जितका उणे तितका झुकाव जास्त. चौथा फेड : वेग मंदावला की शेवटी ती डावीकडे किती वळते. १२ स्पीडची डिस्क ज्यांच्या हाती सरळ जाते त्यांचा थ्रो साडेतीनशे फुटांच्या पुढचा असतो. आपला थ्रो त्या वेगाच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे टर्नचा टप्पा येतच नाही. डिस्क हातातून सुटल्याबरोबर शेवटच्या टप्प्यात शिरते आणि तीनचा फेड पुरा वसूल करते. तुमची डिस्ट्रॉयर तिचं काम चोख करतेय.

ती काही महिने कपाटात ठेवा. हे मी ठामपणे सांगते, कारण शनिवारी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मंडळींत ज्यांनी मोठा ड्रायव्हर, म्हणजे डिस्ट्रॉयरसारखी लांब पल्ल्याची डिस्क, सोडला नाही त्यांचा थ्रो वर्षभर तिथल्या तिथेच राहिलेला मी पाहिलाय. तीन डिस्क पुरे आहेत. पटर म्हणून, म्हणजे बास्केटजवळच्या थ्रोसाठी, इनोव्हाची एव्हिएर : २, ३, ०, १. मिडरेंज म्हणून, म्हणजे मधल्या अंतरासाठी, डिस्क्राफ्टची बझ : ५, ४, उणे १, १. (डिस्क्राफ्ट ही आपल्या विक्समचीच कंपनी, ट्रॉयहून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर.) आणि लांबच्या थ्रोसाठी लेपर्ड : ६, ५, उणे २, १. लेपर्ड दीडशे-एकशेसाठ ग्रॅमच्या आसपासची घ्या. पूर्ण वजनाची १७५ ग्रॅमपर्यंत असते. हलक्या डिस्कला त्याच हातानं वेग जास्त मिळतो. मुलाच्या पिशवीत डोकावून बघा, बहुधा अशीच एखादी सापडेल.

आता ती वर का चढते ते सांगते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तेच आहे. सुटताना डिस्कची पुढची कड वर असली की वारा पोटाखाली भरतो. ती चढते, हवेतच वेग संपतो आणि डावीकडे कोसळते. इथे ताकद वाढवली तर ती आणखी उंच चढेल, लांब मात्र जाणार नाही. ही एक खोड सुटली तरी तीस-चाळीस फूट हाती लागतात. उपाय मनगटात आहे. किटलीतून कपात चहा ओतताना मनगट जसं अंगठ्याच्या बाजूनं खाली कलतं, तसं ते डिस्क धरल्यावर कललेलं हवं, आणि अगदी सोडेपर्यंत तसंच राहायला हवं. चारही बोटांची टोकं कडेच्या आतल्या बाजूला घट्ट, अंगठा वर, कडेपासून फार आत नाही. पकड घट्ट ठेवा, पण खांदा सैल. आणि थ्रो खालून ठेवा. दीड-दोनशे फुटांच्या थ्रोला तुमच्या उंचीच्या दीड-दोन पटीहून जास्त उंची लागत नाही. समोरच्या झाडाच्या फांद्यांकडे न बघता खोडाकडे बघून फेका.

मग हात. पत्रावरून माझा अंदाज असा की तुम्ही हात सरळ ताणून मागे नेता आणि तसाच गोल फिरवून आणता. डिस्क पोटाभोवतीनं वळसा घेऊन येते. अशा फेकीत सगळा भार खांद्याच्या सांध्यावर पडतो, आणि तुमचं दुखणं बहुधा इथलंच. डिस्कनं छातीसमोरून, छातीला जवळजवळ घासत, सरळ रेघेत यायला हवं. कोपर पुढे, डिस्क त्याच्या मागे. हे अंगवळणी पडायला एक सोपी कसरत आहे. पाय हलवायचे नाहीत, हात मागे न्यायचा नाही. डिस्क उजव्या छातीशी आणून धरा, कोपर लक्ष्याच्या दिशेनं वाकलेलं, दंड अंगापासून सुटा. तिथूनच कोपर उघडा आणि मनगट सुटू द्या. एव्हिएरनं हे करून बघा. एवढ्याशा हालचालीत ती शंभर फुटांच्या पलीकडे जाते तेव्हा नव्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटतं ते बघायला मी दर शनिवारी उत्सुक असते. कारण त्या क्षणी त्याला कळतं की मागचा सगळा वळसा निरुपयोगी होता. हे जमलं की हात थोडा थोडा मागून आणायला लागा.

शेवटी पाय, आणि इथे तुमची गोलंदाजी कामी येणार आहे. वेगवान गोलंदाज पुढचा पाय रोवतो, गुडघा ढिला पडू देत नाही, आणि धावत आलेल्या अंगाचा वेग त्या रोवलेल्या पायावर अडून वर खांद्यात चढतो. इथेही तेच आहे. फरक इतकाच की तिथे तुमचा डावा पाय पुढे असायचा, इथे उजवा असतो. आधी उजवी टाच टेकते, मग कंबर उघडते, मग खांदा, मग कोपर, सगळ्यात शेवटी मनगट. साताऱ्याला शाळेत असताना थाळीफेकीच्या आमच्या सरांनी सुरुवातीला हातात थाळीच दिली नव्हती, नुसते पाय घटवून घेतले. तेव्हा राग यायचा. डिस्क गोल्फची थाळी वेगळी आणि फेकही वेगळी, पण ताकद जमिनीतून वर येते हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे. उजवं पाऊल लक्ष्याकडे सरळ रोखू नका, आडवंच टेकवा, आणि डिस्क सुटल्यावर टाचेवर फिरू द्या. ते अडलं तर पीळ गुडघ्यात जातो, आणि चाळिशीनंतर गुडघा जपायलाच हवा. टी पॅडवर, म्हणजे पहिला थ्रो जिथून करतात त्या जागेवर, लोक जी तीन पावलं घेतात, डावा पाय उजव्याच्या मागून टाकत, ती सध्या विसरा. उभ्यानं फेकून दीडशे फूट सरळ जायला लागली की मग पावलं, तीही चालल्यासारखी सावकाश.

सरावासाठी कोर्सवर जाऊ नका. शाळेचं अमेरिकन फुटबॉलचं मैदान रिकामं असेल आणि परवानगी असेल तर तिथे जा. रेघा आधीच मारलेल्या असतात. गोललाइनवर उभं राहिलं की ५० यार्डांची रेघ म्हणजे १५० फूट आणि समोरची गोललाइन ३०० फूट. फेकायचं, चालत जायचं, गोळा करायचं, उलट फेकायचं. सहा-आठ डिस्क असल्या तर उत्तम, वापरलेल्या स्वस्तात मिळतात. पूर्ण जोर लावू नका, सत्तर टक्के पुरे. जोर कमी केल्यावर डिस्क लांब जायला लागली की समजा गाडी रुळावर आली. मिशिगनच्या वसंतात वारा असतोच. वारा समोरून असला की डिस्क जास्त वेगात असल्यासारखी वागते आणि लेपर्ड उजवीकडे उलटते. तो दोष तुमचा नाही. त्या दिवशी बझ घ्या आणि बाहेरची कड थोडी खाली कलवून, म्हणजे हायझरवर, हलक्या हातानं फेका. वारा पाठीमागून असला तर उलट, डिस्क लवकर खाली बसते.

खांद्याला आता दोन आठवडे पूर्ण विश्रांती द्या. सांध्याच्या आत टोचत असेल किंवा त्या कुशीवर झोपवत नसेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा. नंतर खेळायला जाल तेव्हा पहिल्या टीवर थंड अंगानं लांब थ्रो करायचा नाही. आधी दहा मिनिटं चाला, हात फिरवा, पटरनं जवळचे थ्रो करा.

आणि मुलगा जे व्हिडिओ दाखवत असेल त्यांनी बिचकू नका. डेव्हिड विगिन्स ज्युनियरनं २०१६ मध्ये नेव्हाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली ते खरं आहे, पण तिथे पाठीशी जोराचा वारा होता आणि तो खास अंतरासाठीच केलेला थ्रो होता. शिकायला बघायचं असेल तर एस्टोनियाच्या क्रिस्टिन टाट्टारचे थ्रो बघा, २०२२ आणि २०२३ ची विश्वविजेती. तिच्या हालचालीत घाई नाही, त्यामुळे टाच, कंबर, खांदा हा क्रम साध्या डोळ्यांना दिसतो. पुरुष खेळाडूंमध्ये तो इतक्या झपाट्यानं होतो की नवख्याला त्यातून फक्त जोर तेवढा दिसतो.

प्रश्न : नवऱ्याबरोबर डेक्स्टरच्या हडसन मिल्स पार्कला डिस्क गोल्फ खेळायला जाते. जागा सुंदर आहे, पण प्रत्येक बास्केटला मला सात-आठ थ्रो लागतात. मागे लोक येऊन उभे राहतात, मग दडपण येतं आणि आणखी वाईट होतं. नवरा म्हणतो सरावानं जमेल. पण मजाच येत नसेल तर सराव तरी कशाला करायचा?
— अॅन आर्बरहून एक वाचक

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मजा आधी यायला हवी.

मागे कुणी आलं की बाजूला व्हा आणि हात करून त्यांना पुढे जाऊ द्या. या खेळात ही रोजची रीत आहे, त्यात कमीपणा नाही. पुढे जाणारे आभार मानतात आणि पाच मिनिटांत दिसेनासे होतात. मग अख्खा रस्ता तुमचा.

तुम्ही दोघं तिथे कोणत्या कोर्सवर खेळता ते लिहिलेलं नाही. मॉन्स्टरवर खेळत असाल तर ते आजच थांबवा. त्याचं नाव उगाच पडलेलं नाही. ओरिजिनलवर या. तेही लांब वाटलं तर टी पॅडवरून न फेकता शंभर पावलं पुढे जाऊन तिथून सुरुवात करा. घरच्या खेळात तुम्हाला अडवणारं कुणी नाही. आणि पारचा, म्हणजे एका बास्केटला अपेक्षित थ्रोंचा, आकडा बदला. पाटीवर ३ लिहिलं असेल तर तुमचा पार ५ धरा. पाचात आलात की तो पार, चारात आलात की बर्डी. नवऱ्यालाही हाच हिशेब मान्य करायला लावा.

त्याहून बरं म्हणजे दोघं मिळून एक जोडी व्हा. दोघांनी टीवरून फेकायचं, ज्याची डिस्क चांगल्या जागी पडली तिथूनच पुढचा थ्रो दोघांनीही करायचा. असं बास्केटपर्यंत. तुमचा वाकडा गेलेला थ्रो मोजलाच जात नाही, आणि बास्केटजवळ आल्यावर तुमचाच थ्रो उपयोगी पडल्याचं तुम्हाला दिसेल. मी कितीतरी नवरा-बायकोंना हाच खेळ सुचवते आणि त्यातली बरीचशी पुन्हा साधा खेळ खेळायला जात नाहीत.

सात-आठ थ्रोंपैकी दोन-तीन बास्केटपाशीच जात असतील. ते कमी करणं सगळ्यात सोपं. अंगणात दहा फुटांवरून बादलीत पटर टाका, रोज पाचच मिनिटं. दहा फुटांवर चुकेनाशी झाली की पंधरा. एक नियम ठाऊक असू द्या : बास्केटपासून दहा मीटरच्या आत पट (बास्केटमध्ये टाकायचा थ्रो) केल्यावर तोल सावरून उभं राहायचं असतं, तोल जाऊन पुढे झेपावायचं नाही. घरच्या खेळात कुणी बोट दाखवणार नाही, पण सवय आधीपासून चांगली लागते.

डिस्कच्या पोटावर कायम शाईनं फोन नंबर लिहून ठेवा. झुडपात गेलेली डिस्क दुसऱ्याला सापडली की बहुतेक जण फोन करतात, अनोळखी माणसांच्या या चांगुलपणासाठी मला हा खेळ आणखी आवडतो. मात्र ती शोधायला झुडपात शिरताना पाय झाकलेले ठेवा. हडसन मिल्सच्या नदीकाठच्या गवतात गोचिड्या असतात आणि तीन-तीन पानांची पॉयझन आयव्हीही. घरी आल्यावर पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा.

प्रश्न : मी हायस्कूलमध्ये आहे. माझी आजी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलीय. आईबाबा ऑफिसला गेले की ती दिवसभर घरात एकटी असते. तिला माझ्याबरोबर डिस्क गोल्फला नेऊ का? ती ७१ वर्षांची आहे. म्हणते, मला काय जमणार, मी नुसती बसेन.
— कँटनहून एक वाचक

उत्तर : ने, जरूर ने. आणि तिला बसू देऊ नकोस. बाकावर दोन तास बसून नातीला फेकताना बघणं हा आजीसाठी घरात बसण्याचाच प्रकार झाला.

तिला लांबचे थ्रो करायला लावू नकोस. प्रत्येक बास्केटपाशी तू पोचलीस की शेवटचा पट तिनं टाकायचा, असं आधीच ठरव. तिच्या हातात हलका, मऊ प्लास्टिकचा पटर दे आणि सहा-सात फुटांवर उभी कर. बॅकहँड आवडत नसेल तर दोन्ही हातांनी खालून अलगद फेकू दे. साखळीवर डिस्क आदळल्याचा आवाज एकदा आला की पुढचं तिचं तीच बघेल. नऊ बास्केट झाल्या की परत फिरा, अठराचा हट्ट नको. सकाळी किंवा सहानंतर जा, पाण्याची बाटली आणि टोपी घे, आणि तिला चपला नकोत, बूट घालायला लाव. टी पॅडच्या आजूबाजूला मुळं वर आलेली असतात आणि ओल्या गवतावर पाय सरकतो. दुसरे लोक फेकत असतील तेव्हा तिला तुझ्या मागच्या बाजूला उभी कर, पुढे नाही. "फोर!" अशी हाक ऐकू आली की डोकं झाकून खाली वाकायचं, हे तिला घरीच करून दाखव.

पार्कला जाणं जमणार नाही त्या दिवशी मागच्या अंगणात खेळा. बास्केट विकत घ्यायची गरज नाही. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पासाडिनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिकनं पहिला कायमचा कोर्स आखला तेव्हा तिथेही लक्ष्य म्हणून नुसते खांबच होते. साखळ्यांची बास्केट त्यानं त्यानंतर बनवली. (हा माणूस २००२ मध्ये गेला. त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या डिस्क बनवल्या गेल्या. आजीला सांग, तिला हे ऐकायला आवडेल.) तर मेपलचं खोड एक नंबर, गॅरेजचा कोपरा दोन नंबर, कुंपणाचा खांब तीन नंबर. लागली की झाली. खिडक्या आणि शेजाऱ्यांची गाडी सांभाळून क्रमांक ठरवा, आणि ते आजीलाच ठरवू दे.

ऑक्टोबरनंतर इथे प्लास्टिक थंडीनं कडक होतं आणि बोटांना लागतं, तेव्हा आजीचं परतीचं तिकीट बघून आत्ताच सुरू करा. गुण लिहायला एक वही ठेव. सहाव्या महिन्यात पहिलं पान उघडून दोघी बघा, आणि मला कळव कुणाचे पट जास्त पडले.